हातभर चूक आणि आजीची दोन ताटं

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विनोदी विज्ञान कादंबरी लिहिते आहे. पहिलं प्रकरण तिने सोबत पाठवलं. तिचे प्रश्न थोडक्यात असे: विनोद आला की विज्ञान हलकं होतं, दोन्हींपैकी एक काहीतरी धर, असं तिला सांगितलं गेलं, ते खरं का? अशा कादंबऱ्यांत हसण्यापलीकडे विषय कोणते असतात? आणि आपलं बेळगाव भागातलं गाव, इथली बोली, इथलं शेतशिवार त्यात शोभेल का, की पात्रांना मुंबईला नाहीतर थेट अवकाशयानात नेऊन बसवावं?

मी ३१ वर्षं पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना फिजिक्स शिकवलं आणि जवळपास तेवढीच वर्षं विनोदी विज्ञानकथा लिहितो आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी आपल्याकडची गावोगावची साहित्य संमेलनं सुरू झाली की कुठे ना कुठे कथालेखनाचा वर्गही घेतो. प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत, म्हणून उत्तर लांबेल.

पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर: नाही, ते खरं नाही. साध्या विनोदी गोष्टीत योगायोग चालतो, कुणी पाय घसरून पडलं तरी चालतं. इथे तेवढं पुरत नाही. इथे लेखकाला अशक्य वाटणारी एकच गोष्ट गृहीत धरायची मुभा असते. त्यानंतरचा सगळा हिशेब चोख लागतो. हिशेब जितका काटेकोर तितकं हसू पक्कं. विज्ञान बाजूला ठेवलंस की विनोदाचा आधारच निघून जातो.

तुझंच प्रकरण घे. भोपळ्यासारख्या डोक्याचा परग्रहवासी भाताच्या रानात उतरतो, कुणीतरी त्याला कुंदा देतं, तो खातो आणि नाचायला लागतो. पहिल्या वाचनाला गंमत वाटते. दुसऱ्यांदा वाटत नाही, कारण तो नाच कशातून आला नाही आणि त्यातून पुढे काही निघत नाही. डोकं भोपळ्याचं आहे ते ‘भोपळा’ शब्दाला लोक हसतात म्हणून. पण तिसऱ्या पानावर तू एक वाक्य सहज लिहून गेली आहेस: यान उतरल्यामुळे दोन चुलतभावांच्या रानांमधला बांध मोडला. पोरी, तुझी कादंबरी त्या वाक्यात आहे.

मी तो प्रसंग कागदावर मांडून पाहिला. सूर्याला सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर सुमारे ४.२ प्रकाशवर्षं, म्हणजे अदमासे ४० लाख कोटी किलोमीटर. पाहुणा तिथून निघाला आणि ठरवलेल्या जागेपासून फक्त हातभर सरकून उतरला. त्याच्या गावात या नेमकेपणाबद्दल त्याचा सत्कार व्हायला हवा. पण तो हातभर सरकला तो नेमका आप्पांच्या, म्हणजे त्या दोन चुलतभावांतल्या एकाच्या, बांधावर.

‘चाळीस लाख कोटी किलोमीटर आलो. चूक फक्त एक हात.’

‘हातभर म्हंजे हातभरच की! ह्या हातभरापायी माझ्या बानं वीस वर्सं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. सरक तिकडं.’

‘तिकडं म्हंजे कुणाकडं?’ पलीकडून चुलतभाऊ. ‘माझ्या अंगाला आलास तर बघ!’

यात कुणीही मूर्ख नाही. पाहुणा त्याच्या मोजपट्टीने खरा आहे, आप्पा त्यांच्या मोजपट्टीने खरे आहेत. दोन्ही मोजमापं अचूक आहेत आणि दोन्ही एकाच बांधावर आली आहेत. हसू त्या घासण्यातून येतं. या सगळ्या साहित्यप्रकाराबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते हेच: विनोदी विज्ञान कादंबरी विज्ञानाची थट्टा करत नाही आणि साध्या माणसाचीही करत नाही. माणसाची फुटपट्टी आणि विश्वाची फुटपट्टी ती शेजारी शेजारी ठेवते. दोन्ही खऱ्या लागतात. एक जरी खोटी ठेवलीस तर उरतो नुसता टवाळपणा.

आता हिशेब कसा उपयोगी पडतो ते बघ. तुझं यान जुलैत उतरतं, म्हणजे रोपलावणीच्या दिवसांत. खानापूरकडचा पाऊस, चिखलणी केलेलं रान. यानाचं वजन २० टन धरू. तीन पाय, प्रत्येकाचा तळवा अर्धा चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला १३ टनांहून जास्त भार. चिखलणीच्या रानात ट्रॅक्टरला लोखंडी चाकं का घालतात ते घरी विचार. इतका भार तो चिखल पेलणारच नाही. यान रुतणार. पोटापर्यंत रुतणार. म्हणजे ज्याने तारे ओलांडले त्याला आता बाहेर निघायला गावातल्या बैलजोड्या हव्यात, आणि बैल ज्यांचे आहेत ते दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दुसरं प्रकरण आपोआप तयार झालं. ते तुझ्या कल्पनाशक्तीने दिलं नाही, दाबाच्या गणिताने दिलं. नाच काढून टाक आणि हे गणित मांड.

ही दोन फुटपट्ट्यांची रीत फार जुनी आहे. फ्रान्सच्या व्हॉल्टेअरने १७५२ साली ‘मिक्रोमेगास’ नावाची छोटी गोष्ट छापली. व्याधाच्या ताऱ्याकडचा एक प्रवासी, उंची १ लाख २० हजार फूट, शनीवर येतो आणि तिथल्या ६ हजार फुटी विद्वानाशी मैत्री करतो. शनीवाला तक्रार करतो की आम्हाला फक्त ७२ ज्ञानेंद्रियं आहेत, फार अपुरं पडतं. व्याधवाला म्हणतो, आम्हाला हजाराच्या आसपास आहेत, तरी हुरहुर संपत नाही. मग दोघं पृथ्वीवर येतात. समुद्रातलं एक जहाज त्यांना भिंगाखाली दिसतं आणि त्या जहाजावर विद्वान माणसं भरलेली असतात. त्यातला एक जण सांगतो की हे सूर्य, हे तारे, सगळं माणसासाठीच निर्माण झालं आहे. ते ऐकून दोघे पाहुणे असे हसत सुटतात की जहाज नखावरून सुटून शनीवाल्याच्या खिशात पडतं. माणूस मध्यभागी आहे या समजुतीला इतक्या प्रेमाने धक्का देणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. शेवटी व्याधवाला माणसांना एक ग्रंथ देतो, त्यात सगळ्या गोष्टींचं मर्म आहे म्हणून सांगतो. उघडून बघतात तर पानं कोरी.

पुढच्या सव्वादोनशे वर्षांत या प्रकारात बरंच घडलं, पण ज्या पुस्तकाने तो घरोघरी नेला ते इंग्लंडच्या डग्लस अ‍ॅडम्सचं. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ हे आधी रेडिओनाट्य होतं. बीबीसीच्या रेडिओ फोरवर ते मार्च १९७८ मध्ये सुरू झालं आणि १९७९ ला त्याची कादंबरी आली. रेडिओतून आल्याचा गुण तिच्यात दिसतो. वाक्य कानाला लागावं म्हणून घडवलेलं आहे. तूही तुझं प्रकरण घरात मोठ्याने वाचून बघ, भोपळ्याच्या ओळीपाशी आवाज आपोआप पडेल.

सुरुवातीचा प्रसंग सांगतो, कारण आपल्या भागात तो वेगळा ऐकू येतो. आर्थर डेंट नावाच्या माणसाचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतो. आर्थर चिखलात आडवा होतो. अधिकारी म्हणतो, आराखडा किती दिवस बघायला ठेवला होता, हरकत घ्यायची होती. ठेवला होता कुठे? तळघरात, कुलूपबंद कपाटात. त्याच दिवशी पृथ्वीवर वोगॉन नावाच्या परग्रहवासीयांची यानं येतात. अंतराळातल्या बायपाससाठी सगळी पृथ्वीच पाडायची आहे. त्यांचंही म्हणणं तेच: आराखडा अल्फा सेंटॉरीला ५० वर्षं लावला होता, चार प्रकाशवर्षं म्हणजे काही लांब नव्हे, तक्रार आता कशाला?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्गातच हसलो होतो. नंतर हलगा-मच्छे बायपासविरुद्ध आपले शेतकरी वर्षानुवर्षं झगडले, कोर्टात गेले, पिकाऊ जमिनीसाठी बांधावर उभे राहिले, तेव्हा ते पान पुन्हा काढून वाचलं. हसू तेच होतं, पण घशात अडकलं. जे आपल्याला पाडतात त्यांच्या मनात द्वेष नसतोच, त्यांच्याकडे फक्त फाइल पूर्ण झालेली असते, हे अ‍ॅडम्सला नेमकं कळलं होतं. वोगॉन क्रूर वाटतात ते राक्षस आहेत म्हणून नव्हे, नियमाप्रमाणे वागतात म्हणून. घर आणि पृथ्वी यांच्या मापात एवढा फरक, पण अधिकाऱ्याचं वाक्य दोन्हीकडे एकच. यालाच मी हिशेब म्हणतो. लहान घटना घ्यायची, सगळे नियम तसेच ठेवायचे आणि फक्त माप वाढवायचं.

याच कादंबरीतलं ‘४२’ तू ऐकलं असशील. जीवन, विश्व आणि सगळ्याच गोष्टींचं अंतिम उत्तर काढायला एक महासंगणक ७५ लाख वर्षं घेतो आणि सांगतो: बेचाळीस. लोक हादरतात. तेव्हा संगणक म्हणतो की मूळ प्रश्न काय होता हे तुम्हालाच माहीत नव्हतं. मग प्रश्न शोधायला आणखी मोठा संगणक बांधायचा ठरतो. तो संगणक म्हणजे पृथ्वी, आणि काम संपायला पाच मिनिटं असताना ती वोगॉनांकडून पाडली जाते. कित्येक जण ४२ ला निरर्थक आकड्याची गंमत समजतात. मी फिजिक्स शिकवलं, मला त्यात माझा वर्ग दिसतो. मुलं गणित सोडवून शेवटी आकडा लिहितात आणि एकक विसरतात. ४२ काय? मीटर? सेकंद? न्यूटन? प्रश्न न समजता काढलेलं बरोबर उत्तर कसं असतं ते प्रत्येक शिक्षकाने पेपर तपासताना पाहिलेलं आहे.

आता मला सगळ्यांत आवडतो तो लेखक: पोलंडचा स्तानिस्वाव लेम, जन्म १९२१. त्याच्या ‘सायबेरियाड’ (१९६५) या पुस्तकात त्रूर्ल आणि क्लापाउत्सियुश असे दोन यंत्रनिर्माते आहेत, एकमेकांचे दोस्त आणि एकमेकांवर जळणारे. त्रूर्ल एक यंत्र बनवतो. ‘न’ अक्षराने सुरू होणारी कोणतीही वस्तू ते तयार करतं. दोस्त त्याची परीक्षा घेतो आणि शेवटी सांगतो, आता ‘न’ची ‘नाही’ करून दाखव. म्हणजे काहीच नाही. यंत्र आज्ञाधारक आहे. ते विश्वातल्या वस्तू एकेक करून काढून टाकायला लागतं. मोठ्या विनवण्या करून त्याला थांबवावं लागतं, पण जे गेलं ते परत आणता येत नाही. रात्रीच्या आकाशात एवढा काळोख, एवढी भोकं का, त्याचं कारण गोष्टीत हे दिलं आहे.

मूळ पोलिश गोष्टीतही अक्षर ‘न’च आहे, आणि मराठीत ते चपखल बसतं. एका पावसाळ्यात मी ही गोष्ट खानापूरला मुलांपुढे तोंडी सांगितली. पत्र्यावर पाऊस एवढा की ओरडून सांगावं लागत होतं. ‘नाही’पाशी येण्याआधी थांबलो आणि म्हटलं, तुम्ही यंत्राला काय मागाल? नारळ, नथ, नांगर, नगारा. एक जण म्हणाला नोकरी, सगळे हसले, पण तो हसला नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘नकाशा.’ मी विचारलं, कुठला? ती म्हणाली, ‘तेच तर सर, यंत्र विचारणार की कुठला. आणि आपल्याला सांगता येणार नाही.’ वर्ग शांत झाला. त्या वर्गात कानडी घरातलीही चार-पाच मुलं होती, तीही शांत झाली. मग मी गोष्ट पुढे नेली, आणि ‘नाही’ हा शब्द आला तेव्हा तो मुलांना लेमने लिहिला त्याहून जड लागला असेल.

लेमच्या गोष्टीचा विषय आज तुझ्या पिढीच्या फार जवळचा आहे. यंत्र चुकत नाही. सांगितलं तेच करतं, आणि अडचण तीच असते. माणूस बोलतो तेव्हा अर्धं गृहीत धरतो. ‘चहा टाक’ म्हटलं की चहा ओतून टाकायचा नाही हे आपल्याला कळतं, यंत्राला सांगावं लागतं. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत: टाक, लाव, सोड, काढ, घाल. तुझ्या कथेत यंत्र आणणार असशील तर परदेशी कथेतला आज्ञाधारक रोबो उचलू नकोस. आपल्या क्रियापदांतून तो घडव. ‘दिवा घालवतोस काय रे’ यावर तो काय करेल एवढा एकच प्रश्न प्रकरणभर पुरेल.

‘रोबो’ या शब्दाचं मूळही गंभीर आणि गमतीचं मिळूनच आहे. चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० च्या नाटकात तो पहिल्यांदा आला, वेठबिगारीसाठीच्या चेक शब्दावरून. चापेकची १९३६ ची पाणसरड्यांची कादंबरी, म्हणजे ‘सॅलमँडरांशी युद्ध’, मिळेल तिथून मिळवून वाच. समुद्रात शहाणे सॅलमँडर सापडतात. माणसं त्यांना मोती काढायला, मग धक्के बांधायला, मग वाटेल त्या कष्टाला लावतात. फुकटचे मजूर. त्यांना हत्यारंही पुरवतात. आणि एक दिवस सॅलमँडरांची संख्या इतकी होते की त्यांना राहायला किनारे कमी पडतात, म्हणून ते खंडच कुरतडायला घेतात. हे सगळं चापेक बातम्यांची कात्रणं, कंपनीच्या सभेचा वृत्तान्त, विद्वानांच्या टिपा अशा रूपांत सांगतो. त्या सभेत एकही माणूस आवाज चढवत नाही. नफ्यातोट्याची शांत भाषा आणि खाली बुडत चाललेले किनारे. नाझींची छाया शेजारी वाढत असताना हे लिहिलं गेलं.

ही युक्ती तुझ्या हातात आयती आहे. बांधावर यान रुतलं की ग्रामपंचायतीचा ठराव होणार, तलाठ्याचा पंचनामा होणार, उताऱ्यावर यानाची नोंद कोणत्या रकान्यात करायची असा पेच पडणार, कानडी नोटीस येणार आणि आजी ती शेजारच्या कानडी मास्तरांकडून वाचून घेणार. हे कागद खरे वाटतील असे लिही. घरातले जुने उतारे, नोटिसा काढून त्यांची भाषा बघ. नक्कल नको, ढब पकड. कागद जितका गंभीर तितकं वाचकाला हसू येईल.

कर्ट व्हॉनेगटबद्दल दोनच वाक्यं. त्याच्या ‘द सायरन्स ऑफ टायटन’ (१९५९) मध्ये माणसाचा सगळा इतिहास, अगदी स्टोनहेंज आणि चीनची भिंतसुद्धा, टायटनवर अडकलेल्या एका प्रवाशाच्या यानाला सुटा भाग पोचावा एवढ्यासाठी घडलेला असतो; आणि तो प्रवासी जो निरोप घेऊन चाललेला असतो तो असतो एक ठिपका, अर्थ ‘नमस्कार’. दुःख एवढं खोल असताना हसवणं फार थोड्यांना जमतं, तू अजून त्या वाटेला जाऊ नकोस. कालप्रवासाच्या विनोदी कादंबऱ्या पुष्कळ आहेत, पण त्यांत घोटाळ्यांची साखळी जुळवणं हेच मुख्य काम असतं. तुझ्या गोष्टीला त्याची गरज नाही.

मराठीत काय? पूर्ण विनोदी म्हणावी अशी विज्ञान कादंबरी आपल्याकडे विरळा, आणि म्हणूनच तू लिहावीस असं मला मनापासून वाटतं. दोन्ही बाजूंची शिदोरी मात्र भरलेली आहे. एकीकडे चिं. वि. जोशींपासून पु. लं.पर्यंतचा विनोद. दुसरीकडे जयंत नारळीकर, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९३८ ला जन्मलेले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं ज. वि. ना. उलटी करून ना. वि. ज. आणि कथेला बक्षीस मिळालं ते नावाला नव्हे, कथेला. डावं-उजवं उलटवण्याचा हाच खेळ त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत आहे. मोबियस पट्टीची (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली, एकच बाजू असलेली पट्टी) कल्पना, क्रिकेट आणि घराघरातली गणपतीची सोंड एकत्र येतात. गणिताचा विद्यार्थी नसलेल्यालाही ती समजते, कारण उजव्या सोंडेचा गणपती वेगळा असतो हे मराठी वाचकाला आधीच माहीत असतं. नवी कल्पना जुन्या खुंटीवर टांगायची असते. तुझी खुंटी बांध आहे.

आता तिसरा प्रश्न, माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा. इथली माणसं, इथली बोली चालेल का?

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. ‘गणगोत’मधले त्यांचे ‘रावसाहेब’ म्हणजे बेळगावचेच कृष्णराव हरिहर. मराठीवर कानडीचा साज चढवून बोलणारे. सबंध महाराष्ट्र त्या बोलण्यावर हसला, पण नीट वाच, पु. लं.नी त्यांना हास्यास्पद केलेलं नाही. ती भाषा त्या माणसाच्या मोठ्या मनासारखीच ऐसपैस वाटते. बोलीकडे बघण्याची ही नजर तू घे. ‘काय करूलास?’, ‘कुठं जाऊलास?’ हे लोक हसावेत म्हणून लिहिलंस तर मला वाईट वाटेल. तुझी आजी तसंच बोलते म्हणून लिही. निवेदन तुला सोयीचं असेल त्या मराठीत ठेव. संवादात बोली येऊ दे आणि तिचा अर्थ पुढे समजावत बसू नकोस. पुण्याचा वाचक दोन पानांत सरावतो.

सीमेचं काय करायचं, हेही तू न विचारता विचारलं आहेस, कारण तुझं यान बाची आणि शिनोळी या सीमेवरच्या गावांच्या मधूनही एकदा उडतं. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या तीन ओळींमागे कित्येक घरांचं आयुष्य गेलं आहे, माझ्याही घरचं. म्हणून सीमेवर विनोद करू नये असं मी म्हणणार नाही, पण तो कुणावर हे आधी ठरव. शेजारच्या कानडी माणसावर नको. त्याचं रान तुझ्या रानाला लागून आहे, त्याचंही यानाखाली चिरडलं आहे. वरून बघणाऱ्या पाहुण्याला ती रेषा दिसतच नाही, एवढं एकच सत्य धर. त्याला घाट दिसतो, मलप्रभा दिसते, कणकुंबीकडचं जंगल दिसतं, आणि नकाशावरची रेषा शोधत तो तीन वेळा घिरट्या घालतो. त्याच्याकडची सगळी उपकरणं चालू आहेत, पण ती रेषा मोजू शकेल असं उपकरण एकही नाही. इथेही दोन्ही फुटपट्ट्या खऱ्याच ठेव. त्याला रेषा दिसत नाही हे खरं, आणि तिने आपलं जगणं बदललं हेही खरं.

भाषांतराची अडचण लेखकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. अ‍ॅडम्सने कानात घालायचा एक छोटा पिवळा मासा काढला, बेबल फिश. तो कानात असला की कुणाचीही भाषा कळते. आणि त्याने पुढे लिहिलं की सगळ्यांना सगळ्यांचं बोलणं कळू लागल्यामुळे युद्धं वाढली. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे थोडं वेगळं वाटतं. आपल्याकडे एकमेकांचं कळतं म्हणूनच बाजार चालतो.

तुझ्या पाहुण्याला मराठी येते, पण कशी आली हे तू सांगितलेलं नाहीस. इथे मासा नको, फिजिक्स वापर. मध्यम लहरींचा रेडिओ बराचसा वातावरणाच्या वरच्या, आयनांच्या थरात अडकतो किंवा परावर्तित होऊन खाली येतो. एफएम मात्र आरपार अवकाशात जातं. चार प्रकाशवर्षांवर ते फार क्षीण पोचेल, पण ते ऐकण्याइतका मोठा अँटेना त्याच्याकडे आहे, एवढी एक सवलत आपण त्याला देऊ. म्हणजे पाहुणा आपलं एफएम ऐकून शिकला, आणि तेही ४.२ वर्षं उशिरा. त्याच्या तोंडी जाहिराती असतील, गाणी असतील, तो निघाला तेव्हाच सव्वाचार वर्षं जुने झालेले सोन्याचे भाव असतील. आणि महत्त्वाचं म्हणजे इतक्या लांबून बेळगाव, कोल्हापूर आणि धारवाड हे एकाच बिंदूवरचे. मराठी आणि कानडी त्याला एकाच ठिकाणाहून येताना ऐकू येतात. दोन वेगळ्या भाषा आहेत हे त्याला कळायला काही मार्गच नाही. त्याच्या लेखी ती एकच भाषा आहे, आणि तिच्यात प्रत्येक गोष्टीला दोन दोन शब्द आहेत.

हे हाती आलं की पहिल्या प्रकरणाचा शेवट बदल. कुंदा राहू दे, नाच नको. संध्याकाळ झालेली, यान रुतलेलं, दोघे भाऊ आपापल्या बांधावर फुरंगटून बसलेले. आजी कंदील घेऊन येते. पाहुण्याला कोणती भाषा येते तिला माहीत नाही, म्हणून ती दोन्हींत विचारते: ‘ऊटा आयता? जेवलास काय, बाबा?’ पाहुण्याला वाटतं, इथे जेवणाचं दोनदा विचारायची रीत आहे. रीत पाळावी म्हणून तोही दोनदा ‘नाही’ म्हणतो. आणि आजी दोन ताटं वाढते.